नवापूरच्या रमीचा खटला

माझ्या वकिलीच्या चाळीस वर्षांत मी पुष्कळ खटले हरलो. हरलेला खटला मी दुसऱ्या दिवशी विसरतो. तसं केलं नाही तर या धंद्यात माणसाला जेवण जायचं नाही. पण एकोणीसशे सदुसष्ट सालचा नवापूरचा खटला मला विसरता येत नाही, आणि तो तर मी हरलोही नव्हतो. दहा मिनिटांत निकाल लागला. अशिलांनी पंचवीस-पंचवीस रुपये दंड भरला, सगळे एसटीनं घरी गेले आणि मी बाररूममध्ये मित्रांना चहा पाजला. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

अशील तीन होते. येन्स मोलर, त्यांची बायको कारेन आणि मासळीवाली रंभाबाई.

मोलर नवराबायको डेन्मार्कचे. साहेब पुलांच्या बांधकामावर इंजिनियर होते. एका नदीवरून दुसऱ्या नदीवर असं करता करता त्यांची पस्तीस वर्षं या देशात गेली. निवृत्त झाल्यावर परत जायचं म्हणून सामान बांधून झालं, बोटीची तिकिटं झाली. बोटीला पंधरा दिवस अवकाश होता, तेवढे दिवस समुद्राची हवा खाऊ म्हणून ते बोईसरजवळच्या नवापूरला एका पारशाच्या बंगल्यात येऊन राहिले. ते पंधरा दिवस अकरा वर्षं चालले. बंगला कसला, कौलारू घर. चार खोल्या, पुढे लांबलचक ओटा, ओट्यापुढे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे पाणी. मायदेशी त्यांचं जवळचं असं कुणी उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. "तिकडे थंडी हाय, इकडे माणसं हायत," असं कारेनबाई सांगायच्या.

हो, असंच सांगायच्या. साहेबांचं मराठी मुकादमाचं, हिंदी कालवलेलं. कारेनबाईंचं मात्र शुद्ध नवापुरी. रंभाबाईकडून शिकलेलं, तेव्हा दुसरं कुठलं असणार? निळ्या डोळ्यांची, सहा फुटांना टेकलेली गोरी म्हातारी ओट्यावरून "आज दूध नको हाय, उद्या ये" असं ओरडली की नवखा माणूस चार पावलं मागे सरायचा. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी तिचं मराठी सुधारायला घेतलं होतं. बाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

रंभाबाई मांगेल्या कोळ्यांची. पन्नाशीची असेल. आवाज असा की बोईसरच्या बाजारात तिनं पापलेटचा भाव सांगितला की स्टेशनावर ऐकू यावा. सकाळी टोपली भरून बाजारात जायची, तिसऱ्या प्रहरी रिकामी टोपली घेऊन परतताना मोलरांच्या ओट्यावर टेकायची. नवराबायको तेव्हा दोघंच रमी खेळत बसलेले असत. रंभाबाईनं महिनाभर नुसतं पाहिलं. मग एके दिवशी म्हणाली, "बाई, ती राणी टाकू नको. सायब तिचीच वाट बघत बसलाय." साहेबांनी हातातली पानं खाली ठेवली, पोटभर हसले आणि तिसरी खुर्ची मागवली.

चौथी खुर्ची माझी. पारशाच्या भाडेपट्ट्याचे कागद करायला म्हणून मी गेलो होतो आणि अडकलो. मी पालघरला राहायचो, पण सासुरवाडी बोईसरची. दर शनिवारी पुष्पलता, म्हणजे माझी बायको, माहेरी जायची. मी सासऱ्यांना नमस्कार करायचो, मेहुण्याची सायकल घ्यायचो आणि नवापूर गाठायचो. पुष्पलता म्हणायची, तुम्हाला माझ्या माहेरची ओढ आहे की मोलरबाईच्या केकची? खोटं कशाला बोलू, दोन्ही नव्हती. मला त्या ओट्याची ओढ होती. कोर्टात सगळा दिवस माणसं एकमेकांना खोटं पाडत असायची. तिथे चार माणसं तीन-चार तास बसायची आणि कुणाचं कुणाशी भांडण नसायचं.

म्हणजे पानांवरून व्हायचं, ते सोडा.

आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. प्रत्येकाला सुरुवातीला चाळीस. ज्याच्याकडे शेवटी जास्त चिंचोके, त्यानं पुढच्या शनिवारी वाऱ्याच्या तोंडच्या वेताच्या खुर्चीत बसायचं. एवढंच बक्षीस. ती खुर्ची होती मोलरसाहेबांची, पण साहेब तिच्यात वर्षातून दोनदा बसले असतील. रंभाबाई दर शनिवारी पाय वर घेऊन तिथे बसलेली असायची आणि साहेब स्टुलावर.

ती जिंकायची कशी, हे मला कळायला वर्ष लागलं. तिला सगळं आठवायचं. कोणी कुठलं पान उचललं, कोणी कुठलं टाकलं, कुणाच्या हातात बदामाची कुठली पानं आहेत आणि कोण काय दडवून बसलाय. बाजारात शंभर गिऱ्हाइकं. पण कुणी मागच्या मंगळवारी काय नेलं, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाला कोलंबी सोसत नाही, हे तिला पाठ. तेच डोकं ती पत्त्यांत चालवायची. एक अक्षर लिहिता-वाचता येत नव्हतं, पण राजा-राणी-गुलाम तिच्या डोक्यात टोपलीतल्या मासळीसारखे वेगवेगळे मांडलेले. मी वकील, बी.ए. एलएल.बी., तिच्यापुढे दर शनिवारी नागवला जायचो. वर ती मला म्हणायची, "आत्मारामभाऊ, तू कोर्टात पन असाच खेळतोस काय रं?"

मला तेव्हा हसू यायचं.

आता डब्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या डब्यानं केलं. रंभाबाई फुकटचा चहा प्यायची नाही. एकदा-दोनदा ठीक, रोज दुसऱ्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, संध्याकाळी दुसऱ्याच्या बत्तीच्या उजेडात बसायचं, हे तिच्या मानाला साजेना. "उद्या गावात म्हनतील, रंभा गोऱ्याच्या घरी खाऊन ऱ्हाते." तेव्हा तिनंच तोडगा काढला: प्रत्येकानं बसायला आलं की दहा पैसे एका डब्यात टाकायचे. चहा, साखर, रॉकेल आणि वर्षातून एकदा नवा पत्त्यांचा जोड. साहेब-बाईसुद्धा आपल्याच घरी दहा पैसे टाकायचे. मीही टाकायचो. बिस्किटांचा जुना डबा होता, झाकणावर घोडागाडीचं चित्र. त्याला आम्ही 'घरचा डबा' म्हणायचो.

दिवस बदलत होते. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चालू होतं. ओट्यावरून उत्तरेला पाहिलं की क्रेन दिसायच्या. बोईसरला कुठून कुठून माणसं आलेली; विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहारकडली. पगार झाला की पत्र्याच्या शेडांमागे तीन पानी बसायची. माणसं महिन्याची कमाई एका बैठकीत घालवायची, बायका लेकरं घेऊन कंत्राटदाराच्या दारात रडायच्या. हे थांबवायला पाहिजेच होतं, मी नाही म्हणत नाही. नवे फौजदार आले, तरुण, कामाचे. त्यांना वरून सांगितलं होतं की जुगाराचे अड्डे साफ करा. त्यांनी दोन महिन्यांत पंधरा-सोळा धाडी घातल्या. आणि मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की नवापूरला गोऱ्याच्या बंगल्यावर रोज पत्ते चालतात आणि येणाऱ्याकडून पैसे घेतले जातात.

सप्टेंबरातला शनिवार होता. त्या शनिवारी मी गेलो नाही. माहीमला माझ्या चुलतभावाचा साखरपुडा होता आणि पुष्पलतानं सकाळीच बजावलं होतं की या वेळी तरी माझ्या शेजारी बसा. मी पानसुपारीला बसलो होतो, तेव्हा इकडे फौजदार आणि चार शिपाई ओट्यावर चढले.

पुढे जे घडलं ते मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, पण मुद्द्यात फरक नाही. फौजदारांनी पाहिलं: गोरा म्हातारा स्टुलावर, गोरी म्हातारी साध्या खुर्चीवर, आणि मासळीवाली वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन. त्यांनी आधी रंभाबाईलाच विचारलं, "अड्डा तुझा काय?" ती म्हणाली, "मला काय अड्ड्यावाली समजलास? पाय पुसून वर ये." कारेनबाईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. शिपाई बिचारे बसावं की उभं राहावं या विचारात. मग एकाला फळीवर डबा दिसला. आत अकरा रुपये आणि काही पैसे.

"हे पैसे कुणाचे?" फौजदारांनी विचारलं.

कारेनबाईंनी सरळ सांगितलं, "ते घराचे हायत. जो खेळतो तो टाकतो."

संपलं. बोईसरच्या शेडांमागे अड्डेवाला प्रत्येक डावामागे जो आपला हिस्सा काढतो, त्याला नाल म्हणतात. नाल काढली की तो अड्डा. कायद्यात असाच अर्थ बसतो. फौजदारांना वाटलं, बाईनं स्वतःच्या तोंडानं नाल कबूल केली. पंचनामा झाला. पत्त्यांचे दोन जोड, चिंचोके एकशे वीस, पत्र्याचा डबा एक. बाई चहाचे कप घेऊन आल्या तोवर त्यांना आरोपी करून झालं होतं. चहा मात्र फौजदारांनी घेतला.

सोमवारी सकाळी तिघंही माझ्या पालघरच्या ओट्यावर. मोलरसाहेबांनी कोट घातलेला, रंभाबाई ठेवणीतलं लुगडं नेसलेली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. जुगाराच्या केसेस मी तेव्हा पोत्यानं चालवायचो. चालवायचो म्हणजे काय, एक ठरलेली रीत होती. आरोपी ओळीनं उभे करायचे, न्यायाधीशांनी "गुन्हा कबूल?" म्हणायचं, आरोपींनी "कबूल, साहेब" म्हणायचं, दंड भरायचा, घरी जायचं. कोण भांडत बसणार? भांडलं तर तारखा, साक्षीदार, बुडालेली हजेरी. कबूल केलं की जेवणाच्या सुट्टीच्या आत मोकळे. फौजदार खूश, कोर्ट खूश, अशील खूश. या रीतीत माझा हात इतका बसला होता की समोर कोण उभं आहे हे बघायची सवयच मोडली होती.

मी तिघांना तेच सांगितलं. कबूल म्हणा, पंचवीस रुपये, विषय संपला.

मोलरसाहेब कोट सारखा करत पुढे सरले. मग म्हणाले, "आत्माराम, हमने गुन्हा किया क्या?"

"साहेब, तो प्रश्नच नाही," मी म्हणालो.

"मग कोन प्रश्न हाय?" कारेनबाईंनी विचारलं. मी हसलो. त्यांना बहुधा माझं हसणं पाहून धीर आला असावा, कारण पुढचा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला. परदेशी माणसाला इथे राहायला दरवर्षी परवानगी लागते. जानेवारीत कागद नवा करावा लागतो. "आमच्या ऱ्हायच्या कागदाला काय व्हनार नाय ना?"

मी म्हणालो, "बाई, पंचवीस रुपयांच्या दंडाला कोण विचारतंय?"

हे वाक्य मी उच्चारलं. कायद्याचं पुस्तक न उघडता, कुणाला न विचारता, ओट्यावर उभ्या उभ्या. त्या दोघांचं सगळं आयुष्य त्या कागदावर टांगलेलं होतं, हे त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी हात झटकले.

ऑक्टोबरात तारीख लागली. कोर्टात त्या दिवशी बोईसरचे नऊ जण जुगारातलेच होते. ते आधी उरकले, नऊच्या नऊ कबूल. मग आमचे. मोलरसाहेब कोर्टाच्या मानासाठी टोपी काढून ताठ उभे राहिले. "गुन्हा कबूल?" मोलरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. "कबूल," ते म्हणाले. कारेनबाईंनीही माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. "कबूल."

"रंभाबाई, गुन्हा कबूल आहे?"

"नाय," रंभाबाई म्हणाली.

बाजारातलाच आवाज. मागच्या बाकावर डुलक्या घेणारा पट्टेवाला जागा झाला.

"मी जुगार नाय खेळले, सायब," ती न्यायाधीशांना सांगू लागली. "जुगारात नशीब असतं. यात कसलं नशीब? पडलेलं पान ध्यानात ठेवावं लागतं. ज्याला ध्यानात ऱ्हात नाय तो हरतो. आनि तो डबा नालेचा नाय, चहाचा हाय. मीच ठेवायला लावला."

मी उडालोच. शिरस्तेदारांनी टाक दौतीत बुडवला होता, कागदाला लावायचा होता. मी पुढे झालो, "साहेब, अशिलाला प्रश्न समजला नाही, एक मिनिट द्या," म्हणालो, आणि तिचा दंड धरून तिला दाराशी नेलं. न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि थांबले. खरं तर तिला बोलू द्यावं असं त्यांच्या मनात असावं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण वकीलच जर म्हणतो की समजलं नाही, तर ते काय करणार?

"रंभाबाई, हे काय मांडलंयस?" मी दातओठ खाऊन कुजबुजलो. "ते दोघं कबूल म्हणाले. तू नाही म्हणालीस तर खटला उभा राहील, वर्षभर खेटे घालावे लागतील. म्हाताऱ्यांना फरफटवायचंय का?"

"पन मी खोटं कसं बोलू?"

"खोटं नाही, रीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओट्यावरच्या त्या सगळ्या शनिवारांची लाज राखायची म्हणून असेल, किंवा शिकलेला माणूस सांगतोय तर खरंच असेल म्हणून, तिनं पदर सारखा केला आणि परत जाऊन "कबूल" म्हणाली. त्या वेळी तिचा आवाज तिच्या मागच्या शिपायालासुद्धा धड ऐकू गेला नसेल. मी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा सांगितला.

त्यानंतर तीन महिने शनिवार पूर्वीसारखे झाले. पत्ते कोर्टात जमा, म्हणून साहेबांनी नवे आणले. डबा मात्र बाईंनी पुन्हा ठेवला नाही, आणि रंभाबाई चहा पिईनाशी झाली. मी तेव्हा तिला हट्टी म्हणालो. एका शनिवारी तिनं खुर्चीसुद्धा साहेबांना दिली. साहेबांना मोतीबिंदूमुळे पानं नीट दिसत नसत. ती त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या हातातलं पान नुसतं बोटानं वर सरकवायची. डिसेंबरातला गार वारा, बाईंनी अंगावर घेतलेली घोंगडी, सुरूंपलीकडे कोळ्यांच्या होड्या ओढायचा आवाज. मला त्या चार-सहा शनिवारांचं सुख आठवतं आणि बोचतं. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं की आता तेवढेच उरलेले आहेत.

जानेवारीत परवानगीचा अर्ज नामंजूर झाला. कारण दोन ओळींचं: जुगाराच्या गुन्ह्यात दोषी, आणि राहण्याचं ठिकाण अणुवीज केंद्राच्या जवळ. मार्चच्या अखेरीस देश सोडावा.

मी जिल्ह्याच्या कचेरीत तीनदा गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं मला बसायला दिलं, चौकशी केली, मोलरांबद्दल त्याला वाईटही वाटलं. मग त्यानं आमच्याच कोर्टाच्या निकालाची नक्कल माझ्यापुढे ठेवली. "नुसता आरोप असता तर मी काही तरी लिहिलं असतं, वकीलसाहेब. पण यांनी तर स्वतःच कबूल केलंय. यांचा वकील कोण होता?"

मी म्हणालो, मीच.

त्यानं नक्कल परत फायलीत लावली. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

मी नवापूरला जाऊन सांगितलं. वाटलं होतं, साहेब चिडतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू तो मदद ही करता था." कारेनबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. आल्या त्या केक घेऊन. मी तो खाल्ला, कारण न खाणं जास्त वाईट दिसलं असतं. रंभाबाई पायरीवर बसली होती. तिनं एकच विचारलं, "तिकडं बाजार हाय का मासळीचा?" बाई म्हणाल्या, "हाय. पन तिकडं घासाघीस नाय करत." "मंग तू काय करशील?" रंभाबाई म्हणाली, आणि दोघी एकदम रडायला लागल्या. दोन बायका गळ्यात पडून रडताहेत आणि वकील हातात बशी घेऊन उभा, असं ते दृश्य होतं.

मार्चात ते गेले. त्या वर्षी सुएझ बंद होता. बोट आफ्रिकेला वळसा घालून जायची. पंचाहत्तरीच्या माणसाला एवढा लांबचा प्रवास. बोईसर स्टेशनावर मी होतो, पुष्पलता होती, अर्धं नवापूर होतं. ज्यांनी धाड घातली ते फौजदारही साध्या कपड्यांत येऊन लांब उभे राहिले होते. रंभाबाई आली नाही. भर बाजाराचा दिवस होता, असं तिनं कळवलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाररूममध्ये निकालपत्रांचा नवा अंक आला. चाळता चाळता माझी नजर एका खटल्यावर थांबली. आंध्रातल्या एका क्लबावर रमी खेळतात म्हणून धाड पडली होती. क्लब खेळणाऱ्यांकडून थोडे पैसे घेत होता. सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं होतं. मी उभ्या उभ्याच वाचलं. रमी हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे; तिच्यात पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं यात कौशल्य लागतं. आणि खेळासाठी थोडे पैसे घेतले, एवढ्यावरून ती जागा जुगाराचा अड्डा ठरत नाही.

निकालाची तारीख होती बावीस नोव्हेंबर सदुसष्ट. आमच्यानंतर दीड महिना. मी नुसती पुढची तारीख मागितली असती तरी पुरलं असतं. तारखा मागणं हा तर आमचा हातचा मळ. ऊठसूट मागतो आम्ही.

त्या दिवशी मी घरी जाऊन दार लावून बसलो. एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या शनिवारी माहीमला साखरपुडा नसता, तर चौथा आरोपी मी असतो. जुगाराच्या गुन्ह्यात वकील, म्हणजे सनदेवर गदा. मग मी "कबूल" म्हटलं असतं का? छे! मी पुस्तकं पालथी घातली असती, मुंबईहून मोठा वकील आणला असता, वरच्या कोर्टापर्यंत गेलो असतो. रीत म्हणे! रीत दुसऱ्यासाठी होती. हे मला पुष्पलतालाही सांगता आलं नाही.

रविवारी मी बोईसरच्या बाजारात गेलो. रंभाबाई बोंबील मांडून बसली होती. गिऱ्हाईक हललं तसा मी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. दिल्लीचं सगळ्यात मोठं कोर्ट काय म्हणालं, ते तिला कळेल अशा शब्दांत. तिनं ऐकून घेतलं.

"मंग मी काय सांगितलं व्हतं?" ती म्हणाली.

"तेच," मी म्हणालो.

"मंग आता बाई परत येल?"

"नाही, रंभाबाई."

"का? एवढ्या मोठ्या कोर्टानं सांगितलं ना?"

"दुसऱ्यांच्या खटल्यात सांगितलं. आपल्या खटल्यात तुम्ही तिघांनी कबूल केलंय. कागदावर तसं आहे."

तिनं बोंबलांवरच्या माश्या हाकलल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी पयलं 'नाय' म्हटलं व्हतं. ते लिवलंय का कुठं?"

मी ते कागद त्या आठवड्यात दोनदा काढून पाहिले होते. तिच्या नावापुढे दोन शब्द होते: गुन्हा कबूल. बाकी काही नाही. टाक कागदाला लागायच्या आत मी मध्ये पडलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "कुठेच नाही."

"मंग तू लिव," रंभाबाई म्हणाली. "तुला तर लिवता येतं."

आणि ती समोर आलेल्या गिऱ्हाइकाला भाव सांगू लागली.

मी तेव्हा लिहिलं नाही. वकिलानं स्वतःची चूक कागदावर आणायची नसते, एवढं मला धंद्यानं पक्कं शिकवलं होतं. मोलरसाहेब तिकडे दोन वर्षांनी गेले, मागोमाग कारेनबाई. रंभाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं होती. बाजारात दिसलो की चांगले बोंबील काढून द्यायची, बोलायची, पण तिनं तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. आता मी सनद परत केली आहे आणि रंभाबाईही नाही.

तेव्हा लिहितो. ऑक्टोबर एकोणीसशे सदुसष्टमध्ये पालघरच्या कोर्टात आरोपी नंबर तीन रंभाबाई हिला गुन्हा कबूल आहे का असं विचारलं असता तिनं "नाय" असं उत्तर दिलं. का नाही, तेही सांगितलं. ते खरं होतं आणि कायद्यानंही बरोबर होतं. तिला गप्प मी केलं.